पहिल्या ओटीचा पुरावा

हेवा करू नये, हेव्यानं माणूस आतून जळतं, असं मला आईनं सांगितलं, सासूनं सांगितलं आणि देवळातल्या कीर्तनकारानंही सांगितलं. मी तिघांचंही ऐकून घेतलं आणि दहा-बारा वर्षं मनापासून हेवा केला. जिचा केला ती बाई चांगली होती, हीच मोठी पंचाईत होती. तिनं कधी माझ्याविरुद्ध एक शब्द काढला असता, कधी नाक मुरडलं असतं, तर माझं काम किती सोपं झालं असतं. पण ती मला लांबून बघितलं की हसायची. मग मलाही हसावं लागायचं.

आम्ही दोघी एका गावच्या, एका शाळेतल्या. सातवीपर्यंत एकाच बाकावर बसलो. मी हुशार होते हे मी स्वतः सांगणं बरं नाही, पण दुसरं कोण सांगणार? पाढे मी म्हणायची आणि ती माझ्या तोंडाकडे बघत ओठ हलवायची. पुढे एका मार्गशीर्षात खाडीपलीकडच्या गावातून माणसं मुलगी बघायला आली आणि त्यांनी एकाच दिवशी आम्हा दोघींनाही बघितलं. मला त्यांनी दोन प्रश्न विचारले, त्यांची मी चार उत्तरं दिली. तिला त्यांनी दोन प्रश्न विचारले, तर ती खाली बघत बसली. पसंत ती पडली. वर्षभरानं त्याच गावातून, त्याच भावकीतल्या दुसऱ्या घरातून मला मागणी आली. वडिलांना केवढा आनंद झाला, मैत्रिणी शेजारणी होणार म्हणून. मलाही झाला होता, खोटं कशाला बोलू.

ते गाव मालवण आणि कसालच्या मधलं, खाडीच्या काठचं. गावात देवी, देवीचे मानकरी, आणि मानकऱ्यांत पहिली आमची भावकी. भावकीची दोन घरं, थोरलं आणि धाकटं. मध्ये एक कमरेएवढा दगडी गडगा. गोष्ट अशी सांगतात की फार पूर्वी दोन भाऊ आंबोलीचा घाट उतरून खाली आले. थोरल्याच्या डोक्यावर टोपली होती आणि टोपलीत देवी. आता देऊळ आहे तिथं त्यानं टोपली टेकली, ती पुन्हा उचलली जाईना. म्हणून जत्रेच्या दिवशी देवीची पहिली ओटी थोरल्या घरच्या सुनेनं भरायची, दुसरी धाकट्या घरच्या, मग बाकीचा गाव. माझी मैत्रीण थोरल्या घरात पडली होती आणि मी धाकट्यात.

पहिल्या जत्रेला मी नवी नवरी होते. नवं लुगडं नेसून, ताटात खण, नारळ, तांदूळ घेऊन मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेले, तर सासूनं दंडाला धरून मागे ओढलं.

"थांब गो. पयली त्यांची, मगे आपली."

मी थांबले. माझ्यापुढे तिची पाठ, तिचा आंबाडा, आंबाड्यात अबोलीची वेणी. तिनं देवीच्या मोकळ्या ओटीत नारळ ठेवला, तो मध्यभागी नीट बसला. मग मी गेले. ओटीत आता जागा नव्हती. माझा नारळ तिच्या नारळावर ठेवला तर घरंगळायचा, म्हणून गुरवानं तो माझ्या हातातून घेऊन खाली पायांशी ठेवला. इतकंच झालं. कोणाच्या लक्षातही आलं नसेल. पण त्या दिवसापासून दर वर्षी मी तोच आंबाडा बघत उभी राहिले आणि दर वर्षी माझा नारळ खाली पायांशी गेला.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं काय? त्यानं दहा वर्षं कोणाच्या तरी पाठीमागे उभं राहून बघावं. मला तिचं घर नको होतं, तिच्या नवऱ्याची मुंबईची नोकरी नको होती, तो मे महिन्यात आणायचा त्या नायलॉनच्या साड्याही नको होत्या. बरं, साड्या चालल्या असत्या. पण मला खरं हवं होतं ते एकच. एकदा, एकदाच त्या मोकळ्या ओटीत पहिला नारळ माझ्या हातानं बसायला हवा होता.

माझे यजमान गावच्या शाळेत मास्तर. त्यामुळे सरकारी माणूस, लस टोचणारा, झाडं मोजणारा, कोणीही गावात आला की आमच्या पडवीत उतरायचा आणि मी चहा करायची. साठ सालानंतर कधीतरी, भात कापून झाल्यावर, मुंबईच्या कॉलेजातले एक प्रोफेसर आले. उंच, हडकुळे, डोक्याला उन्हाची टोपी. जुन्या देवळांचा अभ्यास करत ते कोकणभर फिरत होते. जत्रेला अजून साधारण तीन-चार आठवडे होते.

पहिल्याच दिवशी त्यांनी गुरवाला विचारलं, देऊळ किती जुनं?

"पांडवांच्या येळचा," गुरव म्हणाला. "एका रातीत बांधल्यानी. कोंबो आरवलो म्हणान कळस रवलो."

प्रोफेसर "अस्सं" म्हणाले आणि टेपनं भिंतीची लांबी मोजायला लागले. दोन दिवस मोजमापं घेतल्यावर संध्याकाळी पडवीत चहा पिताना त्यांनी यजमानांना सांगितलं की मूर्ती साधारण आठशे वर्षांपूर्वीची असावी, आणि देवळाच्या भिंतीचा तळचा थर तीनएकशे वर्षांचा, वरचं सगळं अलीकडचं.

मी दाराआडून ऐकत होते. ऐकून घेऊन गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

"कशावरून?" मी विचारलं.

यजमानांनी माझ्याकडे बघितलं, पण प्रोफेसर खूश झालेले दिसले. मूर्तीचा मुकुट, कंबरेचा पट्टा, पायाची ठेवण, हे त्या त्या काळातले कारागीर ठरावीक रीतीनं कोरत, त्यावरून कळतं, असं ते म्हणाले.

"ही माझी नथ बघा," मी म्हटलं. "माझ्या लग्नात घडवली. पण नमुना माझ्या पणजीच्या नथीचा. उद्या कोणी नुसती नथ बघितली तर मला शंभर वर्षांची म्हातारी ठरवील. तुमच्या कारागिरानंही जुना मुकुट बघून नवा कोरला नसेल कशावरून?"

ते मोठ्यानं हसले. "कोरला असेल की. म्हणूनच एकट्या मूर्तीवर विसंबायचं नसतं, वहिनी. शेजारी लेख आहे का, नाणं सापडतं का, खालच्या मातीत काय मिळतं, हे सगळं जुळलं तर बोलायचं. आणि एवढं करूनही पन्नास वर्षं अलीकडे किंवा पन्नास पलीकडे."

"पन्नास वर्षांत एका घरात दोन सासवा होऊन जातात," मी म्हटलं.

"जातात. आमच्या हिशेबात त्या सापडत नाहीत."

मला माणूस आवडला. त्यानंतर ते आठवडाभर राहिले आणि रोज चहाबरोबर मी त्यांना काहीतरी विचारायची. हल्ली म्हणे जळक्या कोळशावरूनही वय काढतात, तिकडे परदेशात शोध लागला आहे, हे त्यांनीच सांगितलं. चुलीतल्या कोळशाचं काढतील का, असं मी विचारलं, तर म्हणाले, काढतील, पण आठवड्यापूर्वीचा की शंभर वर्षांपूर्वीचा हे त्यांना धड सांगता येणार नाही. मग कशाला एवढा खटाटोप, असं मला वाटलं.

एक दिवस मी माझ्या मनातलं विचारलं. नाव न घेता विचारलं. म्हटलं, एखादी गोष्ट सगळा गाव सांगत असेल, पिढ्यान्‌पिढ्या सांगत असेल, तर ती खरी धरायची ना?

"गाव कुठून शिकला ते बघायचं," प्रोफेसर म्हणाले. "शंभर माणसं एकाच तोंडातून ऐकलेलं सांगत असतील तर ती शंभर साक्षीदार नव्हेत, एकच. आणि त्या सांगण्यात फायदा कोणाचा, हेही बघायचं. घरचा साक्षीदार तर धरायचाच नाही. आपल्या घराबद्दल कोण वाकडं सांगेल?"

मला त्या रात्री झोप लागली नाही. दोन भावांची गोष्ट कोणी बघितली होती? टोपली कोणाच्या डोक्यावर होती हे कोणी लिहून ठेवलं होतं? दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. गुरवाला विचारलं, तो म्हणाला आज्यानं सांगितलं. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या कोळणीला विचारलं, ती म्हणाली, "देवळात सांगतत ना गो." वरच्या वाडीत, खालच्या वाडीत, पाणवठ्यावर, जिथं जाईन तिथं विचारलं. सगळ्यांनी जत्रेच्या गाऱ्हाण्यात ऐकलं होतं. गावकार दर वर्षी देवीसमोर उभा राहून गाऱ्हाणं घालतो, त्यात "पयलो मान थोरल्या घराक" असं म्हणतो आणि गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. म्हणजे साक्षीदार एकच, आणि तो गावकार. त्याला कोणी सांगितलं? त्याच्या बापानं. मला असा आनंद झाला, जणू मीच घाट उतरून आले होते आणि टोपली माझ्याच डोक्यावर होती.

घरच्या कोणाला मी विचारलं नाही. घरचा साक्षीदार धरायचा नाही, हा नियम मी कटाक्षानं पाळला. माझे सासरे मागल्या पडवीत दिवसभर जाळी विणत बसलेले असायचे, कानानं थोडे कमी, बोलायला त्याहून कमी. त्यांच्यासमोरून मी रोज दहा वेळा जात होते.

पण नुसती गोष्ट खोटी पाडून काय उपयोग, आपली खरी ठरायला हवी. तेव्हा मला जोतं आठवलं. आमच्याकडे रीत अशी की घर वाटलं जातं तेव्हा थोरला मूळ जागेवर राहतो आणि धाकटा बाहेर पडून नवं घर बांधतो. म्हणजे ज्याचं जोतं जुनं तो थोरला. आणि आमचं जोतं जुनं होतं, हे मला रोज दिसत होतं. मोठमोठे, काळपट पडलेले चिरे, दोन माणसांशिवाय न हलणारे. मी दर आठवड्याला त्यांच्या कडेनं सारवत होते. गडग्यापलीकडे तिचं जोतं बघावं तर लहान, तांबूस, एकसारखे चिरे आणि सांध्यांत चुना.

मी प्रोफेसरांना आमच्या घरामागे नेलं. ते उकिडवे बसले, चिऱ्यावरून हात फिरवला, टेप लावली, उठून देवळात गेले, परत आले, पुन्हा टेप लावली.

"हे देवळाच्या तळच्या थरातल्या चिऱ्यांच्या मापाचे आहेत," ते म्हणाले. "हत्याराचे घावही तसेच. एकाच वेळचे म्हणायला हरकत नाही."

"म्हणजे आमचं घर देवळाइतकं जुनं."

"चिरे जुने आहेत, वहिनी. घराबद्दल मी काही म्हणत नाही."

त्यांचं दुसरं वाक्य माझ्या कानांत शिरलंच नाही. मी त्यांना गडगा ओलांडून तिच्याकडे घेऊन गेले, तिचंही जोतं बघायला. तिनं लगबगीनं पाट मांडला, कोकमाचं सरबत केलं. हे अलीकडचे, चाळीस-पन्नास वर्षांचे, असं त्यांनी चिऱ्यांबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "असतले." मग त्यांनी सरबताची इतकी तारीफ केली की मला त्यांचाही राग आला. आठवडाभर माझ्या हातचा चहा पीत होते, एकदा बरा झालाय म्हणाले नव्हते.

प्रोफेसर कसालला जाऊन एसटीनं पुढच्या गावी गेले आणि मी यजमानांच्या मागे लागले. जत्रेचा दिवस ठरवायला गावकी देवळात जमते, तेव्हा कोणाला मानापानाचं काही म्हणायचं असेल तर म्हणता येतं. बायकांनी बोलायची रीत नव्हती, म्हणून त्यांनी बोलायचं.

"माका ह्या लचांड नको," ते म्हणाले.

"शाळेत पोरांना इतिहास शिकवता ना? मग तो पोरांपुरताच खरा काय?"

"तिना काय वाईट केल्यान गो तुझा?"

मी दोन दिवस त्यांना बिनसाखरेचा चहा दिला. तिसऱ्या दिवशी ते कबूल झाले. मास्तर असूनही घरात त्यांचं फार चालत नसे.

गावकी बसली. आम्ही बायका सभामंडपाच्या बाहेर, लाकडी खांबांच्या पलीकडे उभ्या होतो. ती माझ्या शेजारीच उभी होती आणि मला पुढे काय होणार ते माहीत होतं, तिला नव्हतं. गावकारानं गाऱ्हाणं घातलं, कौल लावला, देवीच्या अंगावर लावलेली उजवी पाकळी खाली पडली, म्हणजे होकार आला, दिवस ठरला. मग यजमान उठले. त्यांनी चांगलं सांगितलं, मी शिकवलं होतं त्याहून चांगलं. मुंबईचे प्रोफेसर आले, त्यांनी मोजमाप केलं, धाकट्या घराचं जोतं देवळाच्या वेळचं आणि थोरल्या घराचं अलीकडचं, मूळ जागेवर राहतो तो थोरला, तेव्हा गावानं विचार करावा. गावकार आपल्या पायांकडे बघत होता. थोरल्या घरातर्फे तिचा नवरा होता, गावकी आणि जत्रेसाठी मुंबईहून रजा घेऊन आलेला. तो उभा राहून म्हणाला, "पुरावो आसा तर आमचा म्हणणा काय नाय. देवीक काय तां सगळा ठावक."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं पदर नीट केला, एवढंच.

तेवढ्यात मागून कोणीतरी खाकरलं. माझे सासरे. ते गावकीला आले आहेत हेही मला माहीत नव्हतं. काठी टेकत ते पुढे आले.

"थांबा," ते म्हणाले. "ते चिरे आमचे नव्हत. माझ्या ल्हानपणात थोरल्या घराक आग लागली. छप्पर काडाचा, सगळा जळान गेला. मगे त्येंनी जुना जोता मोडल्यानी, नवा घातल्यानी. मोडल्या जोत्याचो चिरो परक्याक देवचो नाय, भावबंदान व्हरूचो, ही आपली रीत. माझ्या बापाशीन ते गाड्यार घालून हाडल्यान. मी माझ्या डोळ्यांनी बगलंय." ते थांबले, दम खाल्ला. "जुना घर त्येंचा. आमचा न्हय."

गाव "व्हय म्हाराजा" म्हणाला. कोणी सांगितलंही नव्हतं म्हणायला.

म्हणजे तिच्या घराचा पुरावा मी माझ्या घरात ठेवला होता. दहा वर्षं मी त्याच्या कडेनं सारवत होते. प्रोफेसरांना हाताला धरून मीच तो दाखवला आणि गावासमोर मीच मांडायला लावला. करायला गेले एक. आजूबाजूच्या बायकांनी माझ्याकडे बघितलं नाही, ह्यावरून त्यांना सगळं समजलं होतं हे मला कळलं.

घरी आल्यावर यजमान पेज जेवले. मी मागल्या पडवीत गेले. सासरे जाळं मांडीवर घेऊन बसले होते.

"मामंजी, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला होता.

त्यांनी सुई थांबवली. "तू गावभर इचारीत होतंस. माका खंय इचारलंस?"

मी काय सांगणार होते? घरचा साक्षीदार धरत नाहीत म्हणून? आपल्या घराबद्दल कोण वाकडं सांगेल, असं प्रोफेसर म्हणाले होते. त्यांनी माझे सासरे बघितले नव्हते. मी भांडी घासायला गेले आणि एक पितळी तपेली पोचा पडेपर्यंत घासली.

जत्रेला जायचं नाही असं मी ठरवलं होतं. डोकं दुखतंय म्हणाले. सासूनं ऐकलं नाही. गावाला आणखी हसायला मिळेल, म्हणाली. ते खरंच होतं. नेहमीचं लुगडं नेसले, ताट घेतलं आणि गाभाऱ्यासमोर जाऊन रांगेत उभी राहिले. पुढे तोच आंबाडा. त्या वर्षी तिच्या वेणीत बकुळही होती. वास माझ्या नाकात जात होता.

गुरवानं हाक दिली. ती पुढे झाली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि वळली. सगळ्या बायका बघत होत्या. तिनं माझा हात धरला.

"औंदा तू भर गो पयली," ती म्हणाली.

मी हात सोडवायला बघितला. "तुझो मान आसा."

"आसा तर आसा. माका त्याचा काय्येक पडलेला नाय. तुका व्हया तर तू घे."

तिनं हे हळू, प्रेमानं सांगितलं. मला चिडवायला नव्हे, मला बरं वाटावं म्हणून. आणि मला कळलं की दहा वर्षं मी जे मागत होते त्याची तिला किंमत नव्हती. ती दर वर्षी पुढे जात होती, नारळ ठेवत होती आणि घरी जाऊन ते विसरत होती. मी मात्र तिच्या पाठीमागे उभी राहून जळत होते. तिनं नाही म्हटलं असतं, भांडली असती, तुझी लायकी काय म्हणाली असती, तर मी तिच्या पाया पडले असते.

मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. हवं होतं ते समोर होतं आणि मी ते घेतलं. गाभाऱ्यात गेले. देवीची ओटी मोकळी होती. मी खण ठेवला, तांदूळ घातले आणि नारळ मध्यभागी ठेवला. तो नीट बसला. किती वर्षं मी तो क्षण मनात घोळवला होता. पाठीमागे बायकांची कुजबुज चालू होती. मी कान दिला. माझ्याबद्दल कोणी काही बोलत नव्हतं.

"काय मन गो तिचा."

"असा कोण करता? सोताचो मान दिल्यान."

"थोरल्या घरची ती थोरलीच."

मान तिचा होता तो होताच. आता मोठेपणाही तिलाच मिळाला, आणि तो मिळवून द्यायला मी ताट घेऊन पुढे झाले होते. बाहेर आले तेव्हा तिनं हसून माझ्याकडे बघितलं. मीही हसले. पुढल्या वर्षीपासून पुन्हा ती पुढे आणि मी मागे.

ह्यानंतर सहा-सात वर्षं गेली असतील. माहेरी जाऊन परत येताना मी कसालच्या बाजारात एसटीची वाट बघत होते. उन्हाची वेळ. शेजारी एक बाई टोपली घेऊन बसली होती, वालावलकडची. गाडीला उशीर होता म्हणून बोलणं निघालं, कुठल्या तुम्ही, कुठल्या आम्ही. मी गाव सांगितलं तशी ती सरसावून बसली.

"तुमच्या गावची देवी जागृत," ती म्हणाली. "ती गजाल माका ठावक आसा. थोरल्या घरच्या सुनेची."

"कसली गजाल?"

"तुमका म्हायत नाय? एक म्हातारी होती तुमच्या गावात. गरीब, पोरबाळ नाय, कोण नाय. तिका जल्मभर वाटायचा, आपण एकदा देवीची पयली ओटी भरुची. पण तिका कोण भरूक दिता? जत्रेदिवशी देवळाच्या पायरेर रडत बसलेली. तर त्या थोरल्या घरच्या सुनेन तिका हाताक धरून आत व्हेल्यान, आणि आपलो मान तिका दिल्यान. सगळो गाव रडलो म्हणतत."

माझी दोन मुलं होती. घर कौलारू होतं. पायरीवर मी कधीही रडत बसले नव्हते, तांदूळ निवडायलासुद्धा बसले नव्हते.

"कोण सांगता ह्यां?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? सगळीच सांगतत."

"आणि म्हातारी? तिचा काय झाला मगे?"

"ती मेली," बाई म्हणाली. "त्याच रातीक. इच्छा पुरी झाली ना तिची. समाधानान मेली."

हे सगळं सहा-सात वर्षांत झालं होतं. आठशे वर्षांचं काय सांगत होते प्रोफेसर, देव जाणे. मी तिला सांगायला तोंड उघडलं की बाई, ती म्हातारी मीच, मला अजून चाळिशीसुद्धा लागलेली नाही, माझा नवरा आत्ता शाळेत पोरांना इतिहास शिकवतोय आणि समाधान तर मला त्या दिवशी मुळीच झालं नव्हतं. पण ती मला ओळखत नव्हती. माझ्या शब्दावर तिनं का विश्वास ठेवावा? माझ्या बाजूनं सांगणारी, जिचं म्हणणं त्या अख्ख्या मुलखात कोणीही खरं धरलं असतं, अशी एकच बाई होती, थोरल्या घरची. मी मेलेली नाही, एवढं पटवायलासुद्धा मला तिलाच बोलावून आणावं लागलं असतं.